पासो रोबल्सचा मुक्काम: आरव्हीच्या प्रवासात वाइनरींसाठी एक दिवस कसा राखावा

लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणाऱ्या महामार्ग १०१ वर, दोन्ही शहरांपासून साधारण दोनशे मैलांवर, पासो रोबल्स हे गाव आहे. गावाच्या आसपास दोनशेहून अधिक वाइनरी आहेत आणि मोठ्या गाड्यांसाठी चांगली कॅम्पग्राउंडही आहेत. आरव्ही, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन कॅलिफोर्नियाचा प्रवास पहिल्यांदाच करणाऱ्या, आणि वाटेत एक दिवस द्राक्षमळ्यांत घालवावा असे वाटणाऱ्या मराठी कुटुंबांना मी नापा या प्रसिद्ध वाइन-खोऱ्याऐवजी हेच गाव सुचवतो. नापा सुंदर आहे यात वाद नाही. पण तिकडे वाट वाकडी करून जावे लागते, खर्च जास्त होतो आणि पंचवीस फुटी गाडी घेऊन त्या गर्दीत शिरणे हे सुट्टीचे काम नव्हे. पासो रोबल्स मुळात वाटेवरच आहे.

पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. वाइनरींच्या दिवशी आरव्ही जागची हलवायची नाही. त्या दिवशी ती गाडी नसून घर आहे असे समजावे. मुक्काम किती रात्रींचा, जागा कोणती आणि वाइनरी कोणत्या, हे सारे या एका निर्णयावरून ठरत जाते.

तारखा ठरवताना

एका रात्रीचा मुक्काम पुरत नाही. आरव्हीचा वेग, वाटेतले थांबे आणि पेट्रोल भरण्याचा वेळ धरला, तर दोनशे मैलांना पाच तास सहज लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी पोहोचावे, दुसरा दिवस पूर्णपणे वाइनरींना द्यावा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघावे. दोन रात्री हे किमान गणित आहे. संध्याकाळी चाखणी उरकून रात्रीच पुढच्या गावी गाडी हाकण्याचा बेत कागदावरही मांडू नये.

एप्रिलअखेर ते मे आणि ऑक्टोबर हे उत्तम महिने होत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सियस, ओलांडतो आणि पत्र्याच्या गाडीत तो जास्तच जाणवतो. मे महिन्यात गावाचा वाइन महोत्सव आणि जुलैत मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत कॅम्पग्राउंडची जागा काही महिने आधी धरून ठेवावी लागते.

नाशिककडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे नमूद करतो. आपल्याकडे वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. इथे थंडीत वेल पूर्ण झोपी जातो, छाटणी एकदाच, हिवाळ्याच्या अखेरीस होते आणि तोडणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर चालते. त्यामुळे फेब्रुवारीत येऊन घडांनी लगडलेल्या वेलींची वाट पाहू नये. त्या वेळी दिसतात ते फक्त काळे खुंट आणि त्यांच्यामधले हिरवे गवत. तोडणीचा हंगाम पाहायचा असेल तर सप्टेंबर निवडावा. त्या दिवसांत पुष्कळ ठिकाणी द्राक्षे थंड राहावीत म्हणून रात्री दिव्यांच्या उजेडात तोडणी होते आणि सकाळी वाइनरीच्या आवारात आंबत्या रसाचा वास भरून राहिलेला असतो.

गाडी निवडताना

चौघांच्या कुटुंबाला पंचवीस फुटांच्या आसपासची, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली मोटरहोम पुरते. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतच्या मोटरहोमला साधा क्लास सी परवाना चालतो, वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र मागे ओढायचा ट्रेलर घेतला, तर राज्यात ताशी ५५ मैलांची मर्यादा पाळावी लागते. नवख्यांनी ट्रेलरच्या वाटेला जाऊ नये, कारण तो मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते आणि ही विद्या सुट्टीत शिकण्याची नव्हे.

गाडी ताब्यात घेताना तिची उंची विचारून एका कागदावर लिहावी आणि तो कागद स्टिअरिंगसमोर चिकटवावा. ती बहुधा बारा फुटांच्या घरात असते. पेट्रोलपंपाचे छत, झाडांच्या फांद्या आणि हॉटेलांच्या पोर्चची कमान ही तिची खरी शत्रू. पेट्रोलचा खर्च गॅलनला आठ मैल धरून काढावा, म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

वाट

सॅन फ्रान्सिस्कोकडून येणारी वाट सालिनास खोऱ्यातून सरळ येते, तिच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. दक्षिणेकडून महामार्ग १०१ ने येताना सॅन लुइस ओबिस्पो सोडले की क्वेस्टा ग्रेडचा चढ लागतो. तिथे उजवीकडच्या लेनमध्ये राहावे, मागच्यांची घाई मनावर घेऊ नये. परतीला उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर वेग रोखावा, सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो. आपला खंडाळ्याचा घाट ज्याने ट्रकच्या मागे बसून पाहिला आहे, त्याला हे नव्याने सांगावे लागणार नाही. बिग सरचा समुद्रकाठचा महामार्ग १ मोहात पाडतो, परंतु पहिल्याच आरव्हीसाठी ती वाट नको. वळणे अरुंद आहेत आणि दरडी कोसळल्याने तो रस्ता वारंवार बंद असतो.

मुक्कामाची जागा

नवख्यांनी वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेली, म्हणजे फुल हूकअपची, जागा घ्यावी. अशी कॅम्पग्राउंड गावाच्या पूर्वेला, महामार्ग ४६ ईस्टच्या बाजूला आहेत. हार्वेस्ट होस्ट्स नावाची एक सदस्यत्वाची योजनाही आहे. तिच्यात वाइनरी किंवा शेताच्या आवारात एक रात्र गाडी उभी करू देतात आणि यजमानाकडून काही खरेदी करावी एवढीच अपेक्षा असते. योजना छान आहे, पण तिथे साधारणपणे जोडण्या नसतात. स्वतःच्या टाक्या आणि बॅटरीवर रात्र काढावी लागते. पहिल्या प्रवासात उन्हाळ्याच्या रात्री हा प्रयोग करू नये.

पोहोचल्यावर आधी गाडी समतल करावी. चाकाखाली प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवून, ओट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवला तरी अंदाज येतो. गाडी कलती राहिली तर गॅसवर चालणारा फ्रिज नीट थंड होत नाही. मग वीज जोडावी. तीस अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने जास्तीत जास्त ३६०० वॉट मिळतात, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग एकटा एसी खातो. एसी चालू असताना चहाची विजेची किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. चहा आणि कुकर गॅसवर करावा, छताचा पंखा लावावा आणि धुराची सूचना देणारे यंत्र फोडणीला ओरडू लागले तर घाबरू नये, ते फोडणीला हमखास ओरडते.

आता चांदणीबद्दल, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताबद्दल. पासो रोबल्सच्या वाइनला जी कीर्ती मिळाली, तिच्यात वाऱ्याचा मोठा वाटा आहे. सांता लुसिया डोंगररांगेत टेम्पलटन गॅप नावाची खिंड आहे. दुपार कलली की पॅसिफिकवरचा गार वारा तिच्यातून आत येतो आणि दिवसाच्या तुलनेत रात्रीचे तापमान चाळीस-पन्नास अंश फॅरनहाइटने खाली जाऊ शकते. दिवसाच्या उन्हाने द्राक्षात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने त्यातला आंबटपणा टिकतो. आमच्या पहिल्या मुक्कामात दुपारी दोन वाजता पान हलत नव्हते, म्हणून चांदणी उघडी टाकून आम्ही वाइनरीकडे निघून गेलो. सहाला परतलो तेव्हा ती उलटी होऊन छतावर पडली होती, एक दांडा कोपरातून वाकला होता, आणि शेजारचे आजोबा खुर्चीत बसून आमची वाट पाहत होते, कारण त्यांनीच दोरीने तिला बांधून ठेवले होते. अनामत रकमेतला मोठा भाग त्या दांड्यात गेला. जागा सोडताना, अगदी अर्ध्या तासासाठी जातानाही, चांदणी गुंडाळून ठेवावी.

ने-आण कशी करावी

हा भाग आधी ठरवावा, वाइनरींची यादी नंतर करावी. बहुतेक जण याच्या उलट करतात आणि तिथेच फसतात.

कॅलिफोर्नियात रक्तातील अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे. पण गाडी चालवण्याच्या क्षमतेवर परिणाम झालेला दिसला तर त्याहून कमी प्रमाणातही अटक होऊ शकते. आपल्यातील ज्यांचा मुक्काम व्हिसावर आहे त्यांच्यासाठी याचा दुसरा, अधिक जड अर्थ आहे. २०१५ पासून अमेरिकेचे परराष्ट्र खाते, मद्यपान करून गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही, गुन्हा सिद्ध होण्याची वाट न पाहता व्हिसा रद्द करू शकते. एका दुपारीपायी नोकरीचा व्हिसा पणाला लावू नये. चाखणीत थोडेसेच देतात, हा युक्तिवाद हिशेबात टिकत नाही. एका वाइनरीत साधारण पाच वाइन, प्रत्येकी दीड औंस, म्हणजे साडेसात औंस होतात. पाच औंसांचा एक पेला धरला तर हा दीड पेला झाला, आणि तीन वाइनरींत साडेचार. त्यातही इथली झिनफँडेल, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन, बरेचदा पंधरा टक्के अल्कोहोलच्या पुढची असते. बारा-तेरा टक्क्यांच्या वाइनची सवय असलेल्यांना तिचा जोर उशिरा कळतो.

म्हणून दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवावी किंवा गावातल्या वाइन टूरच्या व्हॅनमध्ये जागा घ्यावी. दोन कुटुंबे मिळून खर्च वाटून घेतला तर तो जड जात नाही. अॅपवरून मागवायच्या टॅक्सीवर गावात भरवसा ठेवता येतो, परंतु पश्चिमेच्या डोंगराळ भागात ठेवू नये, कारण तिकडे फोनला पुष्कळ ठिकाणी संकेत मिळत नाही आणि जाताना मिळालेली टॅक्सी येताना मिळेल याची खात्री नसते. कुटुंबात कोणी न पिणारे असेल आणि छोटी गाडी भाड्याने घेतली असेल, तर तोही मार्ग उत्तम. मात्र त्या व्यक्तीला दिवसभर गृहीत धरू नये, दुपारचे जेवण तिच्या आवडीचे ठेवावे. अर्धी प्यालेली बाटली बूच लावून परत आणताना ती गाडीच्या डिकीतच ठेवावी. बूच घट्ट बसवलेले असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती उघडलेली बाटली असते.

वाइनरी निवडताना

दिवसाला तीन पुरेत. चौथीत गेल्यावर जीभ आणि लक्ष दोन्ही थकलेले असतात, आणि तिथे घेतलेली बाटली घरी आल्यावर का घेतली ते आठवत नाही.

पासो रोबल्सला १९८३ मध्ये वाइनचा स्वतंत्र प्रदेश म्हणून मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये त्याचे अकरा पोटविभाग पाडण्यात आले. नवख्याला अकरा नावे पाठ करायची गरज नाही. महामार्ग १०१ च्या पूर्वेला मोकळा, सपाट, उष्ण भाग आणि पश्चिमेला चुनखडीच्या मातीचे, अधिक पावसाचे डोंगर, एवढे ध्यानात ठेवले तरी चाखताना फरक शोधता येतो. सकाळी पश्चिमेची एक, दुपारी पूर्वेची एक आणि संध्याकाळी गावातली किंवा टिन सिटीतली एक, असा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो.

पश्चिमेला अॅडलेडा रस्त्यावर टाब्लास क्रीक आहे. फ्रान्समधल्या शातो द बोकास्तेलचे पेरँ कुटुंब आणि अमेरिकी आयातदार रॉबर्ट हास यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली. फ्रान्सहून आणलेल्या वेलींना तीन वर्षे विलगीकरणात ठेवल्यावर मगच त्या लावता आल्या. आज या परिसरात सिरा, ग्रेनाश, मूरवेद्र ही द्राक्षांची नावे सर्रास ऐकू येतात, त्यामागे या मळ्याने वाढवून इतरांना दिलेल्या रोपांचा हात मोठा आहे. थंडीत वेलींच्या रांगांमधून मेंढ्या चरताना दिसतात. इकडचे रस्ते, म्हणजे अॅडलेडा, पीची कॅनियन, व्हाइनयार्ड ड्राइव्ह, ओकच्या झाडांतून वळणे घेत जातात आणि अरुंद आहेत. आरव्ही हलवू नका असे मी का म्हणतो ते इथे आल्यावर पटते. पूर्वेला महामार्ग ४६ वर एबर्ली वाइनरी आहे. गॅरी एबर्ली यांनी सत्तरच्या दशकात या भागात सिराची लागवड केली. त्यांच्या वाइनरीखाली खोदलेल्या थंडगार गुहांमध्ये पिंपे ठेवलेली असतात, आणि जुलैच्या उन्हातून त्या गुहेत उतरणे हे सुख वाइन न पिणाऱ्यालाही मिळते. टिन सिटी हा गावाच्या दक्षिणेला पत्र्याच्या कारखानी गाळ्यांचा समूह आहे. तिथे छोटे उत्पादक शेजारीशेजारी बसलेले आहेत, एका दारातून दुसऱ्या दारात चालत जाता येते. चालणे शक्य नसलेल्या ज्येष्ठांसाठी गावातल्या सिटी पार्कभोवतालच्या टेस्टिंग रूम बऱ्या, कारण बागेत बाक आहेत.

इथली झिनफँडेल चाखताना एक माणूस आठवावा. पियानोवादक आणि पुढे १९१९ मध्ये पोलंडचे पंतप्रधान झालेले इग्नात्सी पाडेरेव्हस्की सांधेदुखीवर इथल्या गंधकाच्या गरम झऱ्यांत उपचार घ्यायला आले, इथे जमीन घेऊन बसले आणि त्यांनी झिनफँडेल लावली.

वेळ आधी ठरवून घ्यावी. दोन वाइनरींच्या वेळांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, पहिली साडेदहा-अकराची घ्यावी. चाखणीचे शुल्क माणशी वीस डॉलरच्या पुढे असते. बाटली घेतल्यास ते बऱ्याच ठिकाणी माफ होते, म्हणून किती बाटल्यांवर माफ होते ते आधीच विचारावे. मुले बरोबर असतील तर तेही विचारावे, कारण काही ठिकाणी एकवीस वर्षांखालील कोणालाही आत घेत नाहीत. देशातून आलेल्या आईवडिलांचे केस कितीही पांढरे असले तरी वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो. पासपोर्ट जवळ असावा.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी पोटभर खाऊन निघावे. पोहे, उपमा, थालीपीठ, काहीही चालेल. लसणाची चटणी आणि लोणचे मात्र त्या दिवशी डब्यातच राहू द्यावे, आणि जेवणानंतरची लवंग-सुपारीही, कारण तिच्यामुळे पुढचे दोन तास कुठल्याच वाइनची चव कळत नाही. अत्तर किंवा तीव्र सेंट लावून जाऊ नये, शेजारच्या टेबलावरच्यांचाही वास त्यात बुडतो. माणशी एक लिटर पाणी बरोबर ठेवावे.

टेबलावर किंवा काउंटरवर एक भांडे ठेवलेले असते. ती वाइनची पिकदाणी होय. चूळ भरल्यासारखी वाइन तोंडात घोळवून तिच्यात टाकणे किंवा पेल्यातली उरलेली ओतणे हा अपमान समजला जात नाही. उलट वाइनचे जाणकार नेमके तेच करतात. आपल्याकडे पानात टाकणे वाईट, या संस्कारामुळे आपली माणसे शेवटच्या थेंबापर्यंत पेला रिकामा करतात आणि दुसऱ्या वाइनरीतच डुलू लागतात. आवडलेली तेवढी प्यावी, बाकीची ओतावी. वाइन ओतून देणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा की हे द्राक्ष तुमच्याच मळ्यातले की विकत घेतलेले. त्याच्या उत्तरातून वाइनरीबद्दल बरेच काही समजते.

शेवटी वाइन क्लबचा कागद पुढे येतो. त्यात वर्षातून ठरावीक वेळा बाटल्या घरी पाठवतात आणि पैसे कार्डावरून परस्पर वळते होतात. त्या दिवशी सही करू नये. घरी गेल्यावरही तीच वाइन हवीशी वाटली तर संकेतस्थळावरून सदस्य होता येते.

घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीत सोडू नयेत. बंद आरव्ही दुपारी भट्टीसारखी तापते आणि बूच वर सरकून वाइन झिरपू लागते. थंड पेटी व्हॅनमध्ये बरोबर न्यावी. परत आल्यावर बाटल्या जेवणाच्या टेबलाखाली, जमिनीलगत, गोधडीत गुंडाळून आडव्या ठेवाव्यात. तिथे त्या वळणांवर आपटतही नाहीत.

निघताना

तिसऱ्या दिवशी डोके जड असेल तर निघण्याची घाई करू नये. जागा सोडण्याची वेळ बहुधा अकराच्या आसपास असते, तेवढा अवकाश मिळतो. सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करताना हातमोजे घालावेत आणि आधी शौचालयाची काळी टाकी, मग मोरी-सिंकची करडी टाकी सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. मुक्कामभर काळ्या टाकीची झडप उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग खाली साचून राहतो. वीज, पाणी, नळी, पायरी, छताची झडप आणि चांदणी, असा गाडीभोवती एक फेरा मारूनच चावी फिरवावी.

भारतात बाटल्या न्यायच्या असतील तर त्या विमानात सोपवायच्या बॅगेत, कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवाव्यात. प्रवाशाला दोन लिटरपर्यंतचे मद्य शुल्काविना नेता येते. बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोन बसतात आणि तिसरी अडीचशे मिलिलिटरने मर्यादा ओलांडते. ती तिसरी आम्ही दर वेळी सॅन होजेतल्या मेहुण्यांच्या फ्रिजमध्ये ठेवतो, आणि पुढच्या खेपेला ती तिथे कधीच नसते.